खोट्या कॉम्प्युटरची डिस्क

"हार्ड डिस्क मी वाढवून देते, आई," असं सून म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वाढवून देते म्हणजे काय? दुकानात जायचं नाही, नवीन डिस्क आणायची नाही, लॅपटॉपचा एक स्क्रू काढायचा नाही, आणि डिस्क म्हणे वाढणार! आमच्या के. आर. पुरमच्या घरात आजवर फुकटात काही वाढलं असेल तर ती फक्त धूळ.

मी मशीनवर एम्ब्रॉयडरी करते. ब्लाउजचे गळे, बाह्या, साड्यांचे काठ. आधी डिझाइन कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने आखायचं, मग ते मशीनला द्यायचं. माझं आखायचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं. जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा सुनेनंच लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर बनवून दिला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. पडद्यावर एक चौकोन उघडतो आणि त्यात माझं जुनं विंडोज, जसंच्या तसं. त्या खोट्या कॉम्प्युटरची डिस्कही खोटीच, म्हणजे लॅपटॉपमधली एक भलीमोठी फाइल. माझी आयुष्यभराची डिझाइन्स तिच्यात. आता लग्नसराई तोंडावर, आणि ती डिस्क भरली. नवं काही सेव्हच होईना.

सून पुण्याची, इथे जवळच महादेवपुऱ्यात आयटीत. हुशार आहे, नाही कोण म्हणतं? पण तिची मावशी सर्जापूर रोडला बुटीक चालवते. दिवाळीत आली होती, तेव्हा माझी मोराची बाही तिनं चिमटीत धरून उलटी करून पाहिली, आतले टाकेसुद्धा. उगाच कोण टाके उलटून बघतं?

रविवारी सकाळी सून लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसली. मी समोर मटार सोलायला घेतले. मटार आपले निमित्ताला. तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल? बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला आणि ती अख्खी फाइल त्यावर उतरवायला घेतली.

"हे कशाला गं?"

"बॅकअप, आई. वाढवताना काही झालं तर सेफ्टी म्हणून."

"आणि नंतर तो पेन ड्राइव्ह कुठे जातो?"

"माझ्या बॅगेत. का?"

"काही नाही. सहज."

कसलं सहज! माझी सगळी डिझाइन्स हिच्या बॅगेत, आणि ती बॅग दर शनिवारी मावशीकडे. बसा मटार सोलत!

कॉपी झाली, तिनं पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. तिला फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. मी उठले, पेन ड्राइव्ह उचलला, बॉबिनच्या डब्यात टाकला आणि झाकण लावून पुन्हा मटारांपाशी येऊन बसले. ती परत आली ती फोनमधलं बोलणं डोक्यात घेऊनच, टेबलाकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"डिस्क बाहेरून मोठी झाली," ती म्हणाली. "आता ही नवी जागा आतल्या विंडोजला जोडून द्यायची, नाहीतर त्याला ती वापरता येणार नाही." एवढं मात्र मला पटलं. ब्लाउज उसवून सैल केला आणि अस्तर तसंच ठेवलं, तर बाही दंडाला काचतेच. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकत होती. अर्ध्यावर आली असेल नसेल, आणि करंट गेला.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली, तो वायरीवरच चालतो. आमचा यूपीएस पंखे आणि दिवे तेवढे सांभाळतो. करंट आला, लॅपटॉप सुरू झाला, माझा चौकोनही उघडला, पण आत काळाकुट्ट अंधार आणि इंग्रजीत एक ओळ.

"अय्यो! काय झालं?"

"विंडोज उघडत नाहीये. पण काळजी करू नका, बॅकअप आहे ना."

तिचा हात टेबलावर फिरला. मग लॅपटॉपखाली, मग मटारच्या सालींत. मग तिनं बॅगच जमिनीवर उपडी केली. "इथेच ठेवला होता मी. इथेच." शेवटी तिथेच फतकल मारून बसली आणि रडायलाच लागली. "आई, तुमचं सगळं काम गेलं. माझ्यामुळे गेलं."

माझी अशी पंचाईत झाली की विचारू नका. गप्प बसावं तर डिझाइन्स जातात, बोलावं तर अब्रू. हे नाटक तर नसेल, असंही क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण नाक इतकं लाल करून कोणी नाटक करत नाही. माझाच जीव कळवळला. उठले, डबा उघडला आणि पेन ड्राइव्ह तिच्यापुढे ठेवला.

"तिथे कसा गेला?"

"मी ठेवला."

"का पण?"

"तुझी मावशी."

तिला लगेच उमगलं. भांडेल असं वाटलं होतं. तिनं नाक पुसलं, जुनी फाइल परत लॅपटॉपवर आणली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दुपारी चौकोन उघडला. माझे मोर, वेली, कोयऱ्या, सगळं जागच्या जागी, आणि डिस्क अर्धी रिकामी.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "चहा टाकते."

"आई," ती बॅग भरत म्हणाली, "अजून एक कॉपी करून घरातच ठेवलीय. सेफ्टी म्हणून."

"कुठे?"

"ते नाही सांगणार."

तेव्हापासून शोधतेय. डाळींचे डबे झाले, देव्हाऱ्यामागे पाहून झालं, तिची बॅगही एकदा पाहिली. परवा न राहवून पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "सेफ आहे, आई." माझ्याच घरात, माझीच डिझाइन्स, माझ्यापासून सेफ.