कणसं घेतलेली देवी

माझा थोरला भाऊ मिलिंद नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं पोर्टर होता. पेशंट ढकलून गुडघे गेले, आणि 'मिलिंद' म्हणायचा आळस म्हणून तिथे सगळ्यांनी त्याचा माईक केला. त्याला चालायचं, राग मला यायचा.

रिटायर झाल्यावर त्याने मेटल डिटेक्टर घेतला आणि शेतकऱ्यांची परवानगी काढून कापणी झालेली रानं तुडवायला लागला. डोंगर पोखरून उंदीर काढतोय, असं मी म्हणायचे. पण सप्टेंबरात खरंच रोमन चांदीचं नाणं निघालं. अंगठ्याच्या नखाएवढं, काळपट. एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला हातात कणसं घेतलेली देवी. म्युझियमची बाई फोनवर म्हणाली, "धुऊ नका. नोव्हेंबरात आणा. काचेच्या कपाटात ठेवलं तर खाली पाटीवर तुमचं नाव लागेल."

"पूर्ण नाव, सुमन," दादा मला चारदा म्हणाला. त्याच महिन्यात त्याच्या फुप्फुसाचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी फार तर ख्रिसमसपर्यंतचे दिवस दिले. मग त्या पाटीशिवाय त्याला काही सुचेना.

श्यामलावहिनीला नाणं दाखवताना मात्र त्याला चेष्टा सुचली होती: "बघ, तुझी लक्ष्मी आपल्याआधीच इंग्लंडात आलीय." धुवायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं. धनत्रयोदशीला वहिनीने देवांच्या चांदीबरोबर तेही चिंच-मिठात भिजत घातलं आणि घासघासून काढलं. नाणं आतून तांब्याचं होतं, वर चांदीचा नुसता पापुद्रा. तो गेला. बादशहा गेला, देवीही गेली. राहिलेल्या गुळगुळीत चकतीला हळदकुंकू वाहून वहिनी म्हणाली, "अहो, बघा तरी! केवढा मळ निघाला."

दादाने चकती उलटीसुलटी करून पाहिली. "छान केलंस," म्हणाला.

ऑक्सिजनची नळी सांभाळत मी त्याला म्युझियममध्ये नेलं. त्या बाईने भिंगाखाली दोन्ही बाजू पाहिल्या आणि चकती हळूच परत दिली. कुणाचं नाणं, हेच आता सांगता येत नव्हतं. गाडीत मी वहिनीच्या नावाने बोटं मोडली तेव्हा दादा चिडला. "तिला कळलं तर माझ्यामागे ती कशी जगेल?" चकती त्याने माझ्या पर्समध्ये टाकली आणि घरी जाऊन सांगितलं, "घेतलं त्यांनी. नाव लागणार."

डिसेंबरच्या नऊ तारखेला तो गेला.

तेरावं झालं तशी वहिनी कोट चढवून माझ्या दारात उभी. "चल, ह्यांचं नाव बघून येऊ." खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मी तिला नेलं. चष्मा लावून, काचेवर बोट फिरवत तिने एकूण एक पाटी वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या नजरेतून सुटलं असेल गं. जरा तू बघ."

मी वाकले आणि पहिल्या कपाटापासून वाचायला लागले.