घड्याळबाईची शिंक

घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. डोळ्याला भिंग लावून ती चिमट्यानं इतका बारीक स्क्रू उचलायची की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला. पण वर्षभरापासून सकाळी एक शिंक आली, की सगळं जमिनीवर. मग मालक आणि ती, दोघंही गुडघ्यांवर.

"बाई, अजून एक स्क्रू उडाला ना, तर टेबल सोडायचं आणि काउंटरवर पट्टे विकायचे," मालकांनी बजावलं.

ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "घरी झाडलोट कशी करता?"

"मी नाही, ताई करते."

ताई म्हणजे थोरली बहीण. तिनंच हिला लहानाचं मोठं केलं. जिने उतरणं बंद झाल्यापासून ताईचं जग ती एक खोली. रोज सकाळी ही चहा पीत असताना ताई खिडकी लावून घ्यायची, रस्त्यावरची घाण नको म्हणून. मग गादी, रजई, पडदे धपाधप बडवायची. ही शिंकली की ताई खूश. "बघ, निघतेय की नाही धूळ!"

डॉक्टर म्हणाले, "निघत नाही, नाकात जाते. बडवू नका. खिडकी उघडा, ओल्या फडक्यानं पुसा, चादरी गरम पाण्यात धुवा."

धीर करून तिनं ताईला सांगितलं. ताईनं हातातली रजई खाली ठेवली.

"म्हणजे माझ्यामुळे आजारी पडतेस तू."

"असं कुठं म्हटलं मी?"

"मग मी दिवसभर करू काय, तेही विचारून ये त्यांना."

फडकं हिनंच मारलं. शिंका थांबल्या, टेबलावर हात पुन्हा चालू लागला. संध्याकाळी घरी यावं, तर ताई सकाळच्याच जागी, हात मांडीवर. जेवायला बोलवावं, तर "मला कसली भूक? बसून तर असते."

शेवटी एका सकाळी हिनंच खिडकी लावली. "ताई, गादीचं जरा बघ गं. मला नाही जमत तुझ्यासारखं."

ताई इतक्या चपळाईनं कित्येक दिवसांत उठली नव्हती.

त्याच दिवशी दुकानात, घड्याळाचं पोट उघडं असताना, शिंक आली. तिचं भिंग उचलून मालकांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

घरी ताईनं चेहरा बघितला. "काय झालं गं?"

"बढती मिळाली. काउंटरवर."

"अगं बाई! मग गिऱ्हाइकांसमोर असल्या कपड्यांत जाणार? थांब."

पलंगाखालची पेटी ओढून ताई ठेवणीतले कपडे काढायला लागली, एकेक झटकत. ही दारातच उभी, श्वास रोखून.

"तिथं काय उभी? आत ये आणि दार लाव."

तिनं आत येऊन दार लावलं.