लाइन गेली, बाई!

बी.एड.च्या वर्षात मला पहिली किळस आली ती एका लाल फडक्याची. आमच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टरवर ते कायम बांधलेलं असायचं. हा प्रोजेक्टर फिल्मस्ट्रिपचा होता, म्हणजे फितीवरची बोटभर चित्रं भिंतीवर मोठी करून दाखवणारा. कुठल्याशा सरकारी योजनेतून तो आला आणि लोखंडी कपाटात राहायला गेला. कपाटाची किल्ली शैक्षणिक साधनं हा विषय शिकवणाऱ्या सरांकडे असे.

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. मी नागपुरातच वाढलेली, सायकलवरून कॉलेजला जाणारी आणि सगळं वहीत लिहून ठेवणारी. वही अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचं लिहिताना फारसं आठवावं लागलं नाही.

सर यंत्र कसं शिकवायचे ते आधी सांगते. ते फळ्यावर प्रोजेक्टरची आकृती काढत. दिवा, त्याच्या मागचा आरसा, भिंगांची जोडी, फितीची खाच, पुढचं भिंग, खाली पंखा. आम्ही ती चार रंगांत वहीत उतरवायची. बाण वाकडे गेले की गुण कापले जायचे. मी बाण पट्टीने काढले आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. यंत्राला मात्र माझं बोटही लागलं नव्हतं. वर्गातल्या कुणाचंच लागलं नव्हतं.

"सर, एकदा लावून दाखवाल का?" मी विचारलं.

"बल्ब मुंबईहून येतो," सर म्हणाले. "उडाला तर डेड स्टॉक रजिस्टरात लाल शाईने नोंद करावी लागते. तपासणीत उत्तर कोण देणार? तुम्ही?"

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण वर्ध्याकडच्या एका खेड्यातून आलेली होती. तिने मला कोपराने ढोसलं. "काहून विचारून राहिली वं? त्याईच्या पोटात गोळा उठला पाह्य."

फडकं वर्षातून एकदा सुटायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी कॉलेजातली सगळी यंत्रं टेबलावर मांडून त्यांची पूजा होई. टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं मशीन आणि मधोमध प्रोजेक्टर. सरांनी हळदीकुंकवाचं बोट ओढलं ते थेट पुढच्या भिंगावर. नारळ फोडला, त्याचं पाणी यंत्रावर शिंपडलं आणि ते हवेच्या फटींतून आत गेलं. वर झेंडूची माळ घातली. आरती झाल्यावर माळेसकट फडकं बांधून यंत्र पुन्हा कपाटात. आमच्या घरातली पूजा छप्पन साली, धम्मदीक्षेबरोबर गेली होती, म्हणून मी मागे उभी होते. पण माझी मैत्रीण तर पुढे उभी राहून आरती म्हणत होती, तिलाही ते बघवलं नाही.

"आमचा बाबा नांगर पुजते," परत येताना ती म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी वावरात नेते ना, बाप्पा!"

आता वार्षिक पाठाबद्दल. बी.एड.चा खरा निकाल त्या एका पाठावर ठरायचा. बाहेरगावचे परीक्षक येणार, महाल भागातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर आपण शिकवायचं, ते मागच्या बाकावर बसून बघणार. गुणपत्रिकेत 'साधनांचा वापर' असा वेगळा रकाना होता. माझ्यासाठी या पाठाचं महत्त्व जरा जास्त होतं. एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला सांगून ठेवलं होतं, की प्रात्यक्षिकात पहिला वर्ग आण आणि जूनमध्ये रुजू हो. दुसरा वर्ग आला तर दुसरी कुणी येईल. वडिलांची गिरणीतली नोकरी त्याच वर्षी संपत होती आणि घरात मीच थोरली.

पाठाच्या आठवडाभर आधी सरांनी आम्हाला रीत समजावली. पाठाच्या टाचणात लिहायचं, साधन: प्रोजेक्टर. यंत्र टेबलावर ठेवायचं, फडकं सोडायचं, प्रस्तावना करायची आणि बटण दाबायचं. त्याच वेळी सर दारात खाकरतील. बाहेर व्हरांड्यात बसलेले कॉलेजचे शिपाई मेन स्विच खाली पाडतील. छताचे पंखे बंद झाले, की आठवीची मुलं म्हणतील, "लाइन गेली, बाई!" मग आपण जराही न गोंधळता गुंडाळून आणलेला तक्ता उघडायचा आणि त्यावर शिकवायचं.

"मुलांनी म्हटलं म्हणजे ते नैसर्गिक वाटतं," सर म्हणाले. "मी खाकरलो की म्हणायचं, असं त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय."

माझा समज झाला, की ते चेष्टा करताहेत. कुणीच हसलं नाही. वर्गातली अर्धी मंडळी हे वहीत उतरवून घेत होती. हे उद्याचे शिक्षक, आणि उतरवून काय घेताहेत, तर खाकरणं केव्हा आणि तक्ता केव्हा. सगळ्यात वाईट वाटलं ते आठवीच्या मुलांचं. त्यांना आम्ही शिकवायला निघालो होतो आणि पहिला धडा हा दिला होता.

शनिवारी कॉलेज लवकर सुटल्यावर मी शिपाई काकांना गाठलं. पन्नाशीचे, खाकी टोपी, तळहातावर कायम तंबाखू.

"काका, हा प्रोजेक्टर खरंच चालतो का?"

"चालते ना. न चालाले काय झालं त्याले? कंपनीचा माणूस आला होता तवा सर सुट्टीवर होते. त्यानं मलेच शिकवलं."

"मग सरांना येत नाही?"

"सरायले येत असतं तं मले मेन काहून पाडा लागली असती, बाई?"

सरांनी पाठाच्या तयारीसाठी किल्ली काकांकडे दिलेली होती. आम्ही दार लोटून घेतलं आणि फडकं सोडलं.

जे दिसलं ते आठवलं की अजून अंगावर शहारा येतो. माळेचा काळा, चिकट लगदा झाला होता. त्यात झुरळांचे पंख आणि पाली शेपूट टाकून जातात तसं एक वाळकं शेपूट. पंख्याच्या पात्यांना नारळाच्या पाण्याचा बुळबुळीत थर बसला होता आणि त्यावर उंदराच्या लेंड्या चिकटलेल्या. भिंगावर कुंकू वाळून खरबरीत झालं होतं. वास असा, की काकांनीही तंबाखू थुंकून टाकली. मी पदर नाकाला बांधला, काडीला कापूस गुंडाळला आणि कामाला लागले. दोन तास लागले. ज्या हातांनी चार रंगांत आकृती काढली होती त्यांनीच मी पंख्याच्या पात्यावरून लेंडी खरवडत होते, आणि सरांच्या आकृतीत या कशालाच बाण नव्हता.

मग काकांनी शिकवलं. "आंधी पंखा लावा, मंग दिवा. बंद करतानी आंधी दिवा, मंग पंखा. पंखा लगेच बंद केला का बल्ब गेला समजा. अन् फीत उलटी घाला, डोकं खाली पाय वर. तवा भित्तीवर सरळ दिसते."

पाच वाक्यं. वर्षभरात या विषयात मी शिकले ती एवढीच. मी ती वहीत उतरवली. माझा पाठ हृदयावर होता आणि यंत्राबरोबर आलेल्या फितींत हृदयाचीही एक होती, ती लावून तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला भिंतीवर माणसाचं हृदय उमटलं, चार कप्पे, झडपा, शिरा, सगळं स्वच्छ. काका म्हणाले, "भल्लं मोठं दिसते वं!"

सोमवारी गांधीबागेतल्या कापडबाजारातून खिडक्या झाकायला काळं मांजरपाटाचं जाड कापड आणलं. वहीत यादी केली: मांजरपाट, खिळे, सुतळी, फीत, रुमाल. यादीत शेवटी तक्ताही लिहिला. तो लिहिताना माझीच मला लाज वाटली, पण लिहिला.

पाठाच्या सकाळी व्हरांड्यात काकांना म्हटलं, "काका, आज मेन पाडू नका."

"अन् सर खाकरतीन तं?"

"तुम्हीच बघा काहीतरी."

त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली. "मी तंबाखू मळाले घेतो. दोन्ही हात गुंतले म्हणजे माणूस काय करन?"

वर्गात काळं कापड लावलेलं, मुलं दाटीवाटीने बसलेली. बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर, त्यांच्या शेजारी सरांचे कागद, आणि सर दारात. मी प्रस्तावना केली, पंखा लावला, मग दिवा. सर खाकरले. मी फीत सरकवली आणि भिंतीवर लालभडक हृदय उभं राहिलं. पंखे फिरत होते. दिवा झगझगत होता. आणि पन्नास मुलांनी एका सुरात, अगदी आनंदाने आरोळी दिली, "लाइन गेली, बाई!"

सर पुन्हा खाकरले. या वेळी जोरात.

"लाइन गेली, बाई!" मुलं पुन्हा ओरडली. त्यांना वाटलं, आपण कमी पडलो.

पुढच्या बाकावरची एक मुलगी भिंतीकडे बघत शेजारणीला म्हणाली, "कुठी गेली वं? दिसून तं राहिलं."

वर्ग हसला. परीक्षकही हसले. त्यांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "मुलं असं का म्हणताहेत, बाई?"

खरं सांगायची वेळ ती होती. पन्नास मुलं माझ्याकडे बघत होती. सर दारात पांढरेफटक पडले होते. मी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "खोलीत अंधार केला ना सर, म्हणून त्यांना तसं वाटलं."

"हां, बरोबर," परीक्षक म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

मुलांच्या नजरा मी विसरलेले नाही. बाई खोटं बोलल्या हे पन्नासच्या पन्नास जणांना कळलं होतं, आणि आपण वाचलो याचा सगळ्यांना आनंद झाला होता. कुणाच्याही तोंडावर नवल नव्हतं.

पुढची वीस मिनिटं मी शिकवलं. चांगलं शिकवलं असं मला वाटतं. रक्त कुठल्या कप्प्यातून कुठे जातं ते भिंतीवर बोट फिरवून दाखवायला मुलं उठून पुढे आली. हृदय एका पोराच्या सदऱ्यावर पडलं, तेव्हा तो छातीवर हात ठेवून उभाच राहिला. शेवटी आधी दिवा घालवला, पंखा चालू ठेवला. मागे बघितलं तर परीक्षक उठून गेले होते. त्यांना अमरावतीची गाडी गाठायची होती.

सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते शांत होते. त्यांनी गुणपत्रिका पुढे सरकवली. खाली परीक्षकांची सही, त्याखाली सरांची, त्याखाली माझ्या सहीसाठी जागा. 'साधनांचा वापर' या रकान्यात वीसपैकी अठरा. शेजारी सरांच्या सुरेख अक्षरात शेरा: ऐन पाठात वीज गेली असताना प्रसंगावधान राखून तक्त्याचा परिणामकारक वापर केला.

मी दोनदा वाचलं. शाई पूर्ण वाळलेली होती.

"सर, वीज गेली नव्हती. तक्ता मी उघडलाही नाही."

"शेरे मी काल रात्रीच लिहून ठेवले होते," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, फक्त कंटाळा होता. "पंधरा जणांचे लिहायचे होते. बाहेरच्यांनी सही केली आहे, ते गेले. आता हा कागद रद्द केला तर तुमचा पाठ पुन्हा घ्यावा लागेल. तो या वर्षी होणार नाही. बघा."

सर वाट बघत होते. टेबलावर त्यांचा चहा होता आणि चहावर साय धरली होती.

मी सही केली. माझ्या सहीखाली तारीख घातली, कारण तारीख घालायची मला सवय आहे.

"शाब्बास," सर म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

बाहेर मैत्रीण उभी होती. तिचा पाठ दुपारी दुसऱ्या परीक्षकांपुढे होता आणि ती तक्त्याची गुंडाळी पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. "किती भेटले वं?"

"अठरा."

"अन् मेन पडली होती ना वेळेवर? मले हृदय बिदय काही येत नाही, बापा. मी आपला तक्ता आणला."

व्हरांड्यात काका दोन्ही हात मोकळे करून बसलेले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, चाललं ना, अशी. मी हो म्हटलं आणि मैत्रिणीला म्हटलं, "पडेल. काळजी करू नको."

जूनमध्ये मी त्या मुलींच्या शाळेत रुजू झाले. पहिल्या वर्गाच्या गुणपत्रिकेची नक्कल मुख्याध्यापिकेने फायलीत लावली. लावण्याआधी तिने शेरा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आमच्याकडे वीज फार जाते. तुमच्यासारखीच हवी होती."

मी "हो, बाई" म्हटलं, आणि तिने दाखवलेल्या वर्गाकडे निघाले.