मापाचा ब्लाउज

मस्तगडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात एक बाई भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज टाकायला आल्या. बोलताना पदर सारखा डावीकडे ओढून घेत होत्या. आमच्याकडे मापाला जुना ब्लाउज देतात, तसा त्यांनीही दिला. तो बघूनच मी म्हटलं, "ताई, हा तुम्हाला व्हायचा न्हाई. टेपनं घेते."

पडद्याआड गेल्यावर त्या हळूच बोलल्या. छाती भरीव दिसावी म्हणून त्यांनी ऑपरेशन करून आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या होत्या. डावी बाजू कडक होऊन वर सरकली. आता दुसरं ऑपरेशन करायचं होतं.

"डॉक्टर म्हणतात, लहान बसवू, न्हाई तर बिलकुल काढून टाकू. आमचे हे म्हणतात, तुला पटंल तसं कर. मलाच ठरंना."

मी टेप गळ्यात तसाच ठेवून चहा मागवला.

चहा घेता घेता त्या पहिल्या ऑपरेशनच्या आधीच्या त्या जुन्या ब्लाउजवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरून निघताना कपाटात नवे पण होते, पण हात ह्याच्याकडंच गेला. ह्याच मापाचा शिवा. लग्नात दुसरा घालीन. हा ऑपरेशन झाल्यावर नेते."

ब्लाउज शिवून तयार आहे. बरोबर त्याच मापाचा. फक्त आत दोन्ही शिवणींना वाढीव कापड ठेवलंय, ऐनवेळी त्यांचं मन बदललंच तर उसवता यावं म्हणून.