आईचा दात आणि डावी बाजू

माझ्या आईचा पुढचा दात पडला त्याला मी जबाबदार नाही, असं आमच्या घरात फक्त माझं मत आहे.

दात आधीपासूनच हलत होता. वरचा, अगदी समोरचा. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. तशी आई खुर्चीतून उठली, पर्स काखेत मारली आणि म्हणाली, "आधी फोटो, मग दात." डॉक्टरांना काही कळेना. मला कळलं. सोनागिरीतल्या आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. बाबा साताऱ्याहून इथं, हिंदी मुलखातल्या कारखान्यात नोकरीला आले आणि अख्खी हयात तिथंच काढली. ते अचानक गेले, तेव्हा घाईघाईत त्यांच्या गेटपासवरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात बाबा काहीतरी चोरताना सापडल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या कानावर कारखान्याचा अर्धा गोल शिक्का आहे. आई रोज काच पुसताना तो शिक्का जरा जास्तच जोरात पुसते. (निघत नाही.)

"माझ्या वेळी तू आधार कार्डावरचा लावशील," परत येताना ऑटोत ती म्हणाली. "त्यात मी कोण आहे हे मलाच ओळखू येत नाही. मला हसताना काढ, विनू. माझ्या स्वतःच्या दातांनी. मग डॉक्टरला काय उपटायचं ते उपटू दे."

एवढंच मागणं होतं. कुठल्याही मुलानं खिशातून मोबाइल काढला असता आणि ऑटोतच काम उरकलं असतं. पण मी कुठलाही मुलगा नव्हे. मी त्याच कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालोय. माल नापास करणं हे माझं काम होतं आणि निवृत्त झाल्यावर ते काम बंद झालं, हे मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मी पिशवी घेऊन येताना दिसलो की आमचा भाजीवाला भेंडी झाकतो.

आईच्या फोटोसाठी मी माझ्या कॅमेऱ्याला नवी कोरी पोर्ट्रेट लेन्स आणली. न्यू मार्केटच्या इरफानभाईंनी खोका उघडून दाखवला, "अंकल, मक्खन है, मक्खन," म्हणाले. मक्खन असो की लोणी, तपासल्याशिवाय मी काही वापरत नाही. लेन्स तपासायची साधी रीत असते. भिंतीवर छापील कागद सपाट लावायचा, कॅमेरा समोर तिपाईवर ठेवायचा, फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघायची. एखाद्या बाजूची अक्षरं धूसर आली, तर भिंग आत वाकडं बसलेलं आहे, माल परत.

छापील कागद म्हणून मी आईचा मराठी पेपर घेतला. नागपूरचा हा पेपर आमच्याकडे एक दिवस शिळा होऊन येतो, पण आईला तो गरम जिलबीसारखा लागतो. त्यातलं छोट्या जाहिरातींचं पान मला हवं होतं, कारण तेवढी बारीक अक्षरं दुसरीकडे मिळायची नाहीत.

"अरे, मी अजून वाचला नाहीये," आई म्हणाली.

"दोन मिनिटं दे."

"आणि भिंतीला टेप लावायची नाही," सुनीता आतून म्हणाली. सुनीता म्हणजे माझी बायको. "परवाच रंग झालाय."

मग पान धरायचं कुणी? उजवी कड सुनीतानं धरली. डाव्या बाजूला आई खुर्चीवर बसली, फोटोसाठी नेसलेल्या अंजिरी साडीत, गजरा माळून, आणि तिनं डावी कड धरली. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. दोन मिनिटांचं काम दीड तास चाललं. मग मी कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी केली. उजवी बाजू अशी की शाईचा ठिपका मोजावा. आणि डावी बाजू? गाळ.

"नापास," मी म्हणालो.

"मग आता माझा काढतोस ना?" आईनं गजरा सारखा केला.

"आई, असल्या लेन्सनं तुझा फोटो काढू? अर्धा चेहरा बिघडेल."

ती साडी बदलायला आत गेली.

इरफानभाईंनी लेन्स बदलून दिली. दुसऱ्या दिवशीचा पेपर, पुन्हा अंजिरी साडी, पुन्हा गजरा. उजवी बाजू कडक, डावी गाळ! मी पुन्हा न्यू मार्केटात. तिसरी लेन्स, तिसरा पेपर, तीच साडी आणि डाव्या बाजूला तोच गाळ. एका कंपनीच्या तीन नगांत एकच दोष, म्हणजे अख्खा लॉट खराब. मी आनंदानं थरथरत होतो. (तपासणी विभागातल्या माणसाला अख्खा लॉट खराब सापडणं म्हणजे काय, हे इतरांना नाही कळायचं.)

"अंकल," इरफानभाई डोकं धरून म्हणाले, "लोग इसी से पूरी पूरी शादियाँ खींच रहे हैं. आप को खींचना क्या है?"

"माँ का फोटो."

"तो माँ का खींचिए ना. अख़बार का क्यों खींच रहे हैं?"

अडाण्याला काय सांगायचं! मी त्यांना दिल्लीहून वेगळ्या लॉटची लेन्स मागवायला सांगितली आणि घरी आलो. घरी सुनीता दारातच उभी होती.

"अहो, आईंचं दुखतंय. आठवडा झाला, भाकरी दुधात कुस्करून खातायत. एक फोटो काढा आणि मोकळं करा त्यांना."

"दिल्लीची लेन्स येऊ दे. चार दिवस."

चार दिवस दात थांबला नाही. रविवारी सकाळी मी पोहे-जिलबी आणली. आईनं जिलबीचा एक कडक वेढा तोडला आणि चावता चावता थांबली. मग तोंडातून काहीतरी काढून तिनं माझ्यासमोर तळहात धरला. त्यावर पाकात भिजलेला दात होता.

"घे," ती म्हणाली. "हा तपास."

ती हसली, सवयीनं, आणि लगेच तोंडावर पदर धरला. ते पदर धरणं माझ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माझी आई मोठ्यानं हसणारी बाई आहे, गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. तिनं या घरात कधी हसताना तोंड झाकलं नव्हतं.

दिवसभर मी तिच्या आसपास घोटाळत होतो. संध्याकाळी तिलाच माझी दया आली.

"जाऊ दे रे. तुझ्या राशीलाच आलं होतं. 'दुसऱ्यांच्या चुका काढण्यात वेळ दवडू नका.' काय हसले मी तेव्हा."

"कधी आलं होतं?"

"तू दुसरी लेन्स आणलीस ना, त्या दिवशीच्या पेपरात."

"तो पेपर तर माझ्याकडे होता. वाचलास कधी?"

"तुझे फोटो चालले होते तेव्हा. छोट्या जाहिरातींच्या मागच्या पानावर भविष्य असतं ना. जरा कड पुढे ओढली की मागचं सगळं दिसायचं. तू दीड दीड तास बसवून ठेवायचास, मग काय करणार माणूस?"

या लेन्सची खुबी अशी, की वस्तू चार बोटं पुढे सरकली की धूसर झालीच. तीन दिवस माझी आई पेपराची डावी कड भिंतीपासून हातभर ओढून भविष्य, शब्दकोडं आणि पाककृती वाचत होती आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावून लॉट नापास करत होतो.

"तुला दिसत नव्हतं?" मी सुनीताला विचारलं.

"दिसत होतं की," ती शांतपणे म्हणाली. "म्हटलं, तेवढा एक पेपर असतो त्यांना, वाचू देत. मला वाटलं तुम्हालाही दिसतंय. तपासणीतले ना तुम्ही!"

मी उठून कॉम्प्युटर लावला. नापास नमुना मी कधी टाकून देत नाही, त्यामुळे सगळे फोटो होते. दुसऱ्या लेन्सचे फोटो एकेक करून, पण या खेपेला अक्षरं मोठी न करता, पूर्ण बघितले. आणि एकात आई सापडली. पान ओढता ओढता ती चौकटीत आली होती. मान थोडी मागे, गजरा सुटलेला, तोंड उघडं टाकून ती हसत होती आणि तिचा दात तिथं होता, समोर, जागच्या जागी. हा फोटो मी आधी बघितला होता. तिच्या नाकाशेजारची अक्षरं मोठी करून, गाळ आहे म्हणून, बाजूला टाकला होता. तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मला रडूच आलं.

आई धूसर होती, अर्थात. पलीकडे पेपराचा एक तुकडा मात्र कडक आला होता. त्यावर ठळक अक्षरांत 'वर पाहिजे' असं स्पष्ट वाचता येत होतं.

"तेवढं मी कापतो," मी म्हणालो.

"कापू नकोस," आई पडद्याजवळ जाऊन बघत म्हणाली. "यांच्या कानावर शिक्का आहे, माझ्याजवळ जाहिरात असू दे. आणि सुरकुत्या बघ, एक दिसत नाहीये. लाव हाच. आत्ता लाव, मेल्यावर मला कसा दिसणार?"

मी दुसऱ्या दिवशी इरफानभाईंकडे गेलो. तिन्ही लेन्स ठीक होत्या, दिल्लीची मागवू नका, असं सांगितलं. त्यांनी दोन चहा मागवले. फ्रेमही त्यांनीच करून दिली. बाबांच्या शेजारी ती लागली, आणि आई त्या दिवसापासून पुन्हा पदराशिवाय हसायला लागली.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातले जुने साहेब, पाठक, घरी आले. मी चपला बाजूला सारत होतो, तोवर ते फोटोसमोर पोचले, थबकले आणि त्यांनी हात जोडले.

"काकू कधी गेल्या? कळवलं नाहीस."

"अजून नाही गेले," आई पाण्याचा पेला घेऊन बाहेर येत म्हणाली. "बसा पाठक."

पाठक ओशाळले. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी चष्मा सावरला आणि पुन्हा फोटो बघितला. शेवटी तेही तपासणी विभागातलेच.

"छान आलाय हं. डावीकडून जरा धूसर आहे. लेन्समध्ये दोष असणार."

"लेन्समध्ये काही दोष नाही," आई म्हणाली, आणि फोटोतल्यासारखीच, एक दात कमी, हसली. "ती यानं दोनदा बदलून आणली. मुलगा बदलून मिळत नाही, म्हणून आहे तो चालवून घेतेय."