दमयंतीवहिनींना आणायला गेलेली बस

एप्रिलमध्ये सिंगापूरला आमच्या बुकित पंजांगच्या ब्लॉकमध्ये बातमी फुटली, की दमयंतीवहिनी गोविंदरावांना सोडून एका बावीस वर्षांच्या गोऱ्या पोराबरोबर युरोपात पळाल्या. पुराव्याला फोटो होता. मागे बर्फ, पुढे वहिनी, शेजारी सोनेरी दाढीचा पोरगा आणि दोघांच्या कमरेला एकच दोरी. बुकित तिमाहच्या काँडोत राहणाऱ्या सुनेत्राबाईंनी तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शेला-उपरणं नाही, पण गाठ पक्की दिसते हो!"

मी वहिनींचा शेजारी, भिंतीला भिंत लागून राहणारा, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून घ्या. वहिनी युरोपात होत्या हे खरं. पोरगा बावीसचा हेही खरं. त्याचं नाव लुकास, वहिनींच्या तिथल्या वर्गातला. बाकी सगळी सुनेत्राबाईंची कलाकुसर. वहिनी इथल्या विद्यापीठात भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला गेल्या होत्या. हिमनदीवर चालताना अख्खा गट एका दोरीत बांधतात, म्हणजे एखादा भेगेत घसरला तर बाकीचे त्याला धरतात. मूळ फोटोत त्या दोरीवर आणखी चार जण होते. ते कुठे गेले, सुनेत्राबाईंना विचारा.

वहिनींचं वय एकोणपन्नास. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि गोविंदरावांच्या नोकरीच्या पासवर सिंगापूर. इथे डोंगर नाहीत, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. एकदा बुकित तिमाहची टेकडी चढून आलो तर म्हणाल्या, "भावजी, याला डोंगर म्हणायचं तर इडलीला सह्याद्री म्हणावं लागेल." मुलगा ओजस विद्यापीठात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी यांनीही अर्ज ठोकला. कॅन्टीनमध्ये ओजस ओळख दाखवायचा नाही, डबा मात्र निमूट घ्यायचा.

हाच ओजस दोन वर्षांपूर्वी एक्स्चेंजवर डेन्मार्कला गेला होता. शुक्रवार आला की पोरगा विमानात. आज प्राग, उद्या बार्सिलोना. लिस्बनला पासपोर्ट हरवला, तर तेही गोविंदराव लिफ्टमध्ये भेटेल त्याला छाती फुगवून सांगायचे. "एक्स्पोजर हो! या वयात फिरलंच पाहिजे!"

आणि एक्स्चेंजच्या यादीत वहिनींचं नाव लागलं तेव्हा हेच गोविंदराव म्हणाले, "या वयात?"

ओजस त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "मा, कॅन लाह. बट व्हाय सो लाँग?"

वहिनी गेल्या. गोविंदराव सांगत सुटले की उपासमार होतेय. खालच्या हॉकर सेंटरमधले चिकन राइसवाले अंकल मात्र त्यांना लांबून बघूनच प्लेट भरायला लागले होते. जेवणाचं निभलं, पण मंडळात लोक तोंडावर विचारायला लागले, "वहिनी येणार ना परत?" ते काही पचेना.

मग त्यांनी बेत रचला. जूनमध्ये मंडळातले बरेच जण युरोप टूरला निघाले होते, मीसुद्धा. सकाळी पोहे, रात्री वरणभात आणि मधल्या वेळात युरोप, अशी टूर. बस इन्सब्रुकला थांबणार होती. गोविंदरावांनी दोन सीटा घेतल्या. एक त्यांची आणि इन्सब्रुकपासून पुढे वहिनींची. बायकोला बसवायचं, रोम दाखवायचं, थेट घरी. परीक्षा जुलैत होती. "ती काय, ऑनलाइन देईल," हे ठरवलंही त्यांनीच. वहिनींना या सीटचा पत्ता नव्हता. त्या बसमध्ये चढल्या असत्या तर सेमिस्टर बुडणार होतं, आणि एकदा बुडालं की त्यांना दुसऱ्यांदा कोण जाऊ देतंय?

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "येताना माझी फोडणीची लोखंडी पळी आणा."

गोविंदराव नाचायचे बाकी होते. "बघा! घराची आठवण आली. विरघळली!"

मी म्हटलं, "अहो, परत यायचं असतं तर पळी तिकडे कशाला मागवली असती?"

त्यांनी ऐकलं नाही.

इन्सब्रुकला नदीकाठी बस थांबली. टूर मॅनेजर प्रबोध ओरडला, "सोन्याचं छप्पर, फोटो, टॉयलेट आणि परत बसमध्ये!" खाली वहिनी उभ्या. पायात जाडजूड बूट, पाठीवर ही भलीमोठी सॅक. बसमध्ये टाळ्या पडल्या.

"आली गं बाई, सामानासकट आली!" म्हणत सुनेत्राबाईंनी खिडकीची सीट झटकलीसुद्धा.

गोविंदराव टुणकन उतरले. "दे ती सॅक, डिकीत टाकतो."

"सॅक असू द्या. पळी कुठाय?"

"वर आहे. तुझ्या सीटवर. चढ ना."

"माझ्या सीटवर?" वहिनींनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. आणि सगळं समजल्या. "दुपारी आमचा गट हिमनदीवर चाललाय. मोजणी माझ्याकडे आहे. मी पळी न्यायला आलेय."

खिडकीतून सुनेत्राबाई म्हणाल्या, "अगं दमयंती, उद्या आम्हाला केबल कारनं बर्फच दाखवणार आहेत. बर्फ तो बर्फ!"

"तुम्ही बर्फात फोटो काढा, सुनेत्राताई. तो दरवर्षी किती मागे सरकतो, ते मी बघते."

"आणि तो लुकास? तोही असेल ना?"

"असणार तर! दोरीवर माझ्या मागेच असतो. गेल्या खेपेला घसरला, मीच धरला त्याला."

सुनेत्राबाईंनी खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला.

"भावजी," वहिनी मला म्हणाल्या, "तेवढी पळी द्या बरं."

मी दिली. गोविंदरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परतल्यावर भिंतीला भोक पाडतील. वहिनींनी पळी सॅकच्या पट्ट्यात, बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीशेजारी खोचली. दोन्ही हत्यारं शोभत होती.

सोन्याचं छप्पर बघायला कोणी हललंच नाही. प्रबोधनं शेवटी शिट्टी मारली. गोविंदराव एक पाय पायरीवर ठेवून वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, लोकांपुढे शोभा करू नकोस. एवढी बस थांबलीय तुझ्यासाठी."

वहिनींनी आवाज अजिबात खाली आणला नाही. मागच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.

"ओजस गेला होता, तेव्हा त्याला आणायला कुठली बस गेली होती?"