पांढरी टोपी

लग्नघरात ओल्या हळदीचा वास आला की मला बर्डीच्या बाजारातला तो फोटो स्टुडिओ आठवतो. रंगीत फोटो तेव्हा नवे होते, आणि ताईच्या लग्नाचे सगळे पिवळट आले म्हणून मी आणि बाबा तिथे भांडायला गेलो होतो. फोटो धुण्याच्या औषधांच्या आंबूस वासात स्टुडिओवाल्यानं फिल्टर बदलून एक फोटो पुन्हा छापला आणि ओला कागद दारातल्या उन्हात धरला. "पाहा काकाजी, तुमची टोपी पांढरी झाली. म्हणजे रंग बरोबर आहे." टोपी खरंच शुभ्र होती, ताईचा शालू लालभडक होता. भाऊजी तेवढे पिवळेच होते. "लग्नातली हळद हाय ना गा ते," बाबा हसले. तो हसला नाही. भाऊजींच्या डोळ्यांवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "हळद डोळ्यात नाही उतरत, काकाजी." बाबांनी वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे रसवंतीवर, आमच्यासोबत आलेले भाऊजी आपला भरलेला ग्लास ताईकडे सरकवत होते. लग्नापासूनच त्यांना काही गोड लागत नव्हतं. त्याच फोटोतला त्यांचा चेहरा आज ताईच्या भिंतीवर हाराखाली आहे. तिनं तो मुद्दाम काळा-पांढरा करून घेतलाय.